आईचे ताट आणि मुलाची पाटी

भिलाई म्हटले की पोलाद डोळ्यांसमोर येते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून दुर्ग जिल्ह्याच्या भातशेतीच्या मुलखात हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी होती. विदर्भातून कामाच्या शोधात आलेल्या मराठी कुटुंबांना त्यामुळे ही भूमी फारशी परकी वाटली नाही. त्यांची पुढची पिढी आज भिलाईच्या टाउनशिपमध्ये आणि टाउनशिपबाहेर वैशाली नगरसारख्या वसाहतींमध्ये स्थिरावली आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत चमकणाऱ्या मुलांमुळे या शहराचा देशभर लौकिक झाला आणि २०१६ साली भिलाईच्या नावाने आयआयटीही स्थापन झाली. शिक्षणाचे शहर म्हणून भिलाईला वाटणारा अभिमान रास्तच आहे.

परंतु याच शहरात, वैशाली नगरच्या पक्क्या घरांपासून फार लांब नसलेल्या कामगारवस्त्यांमधून, दुसरीही मुले शाळेत येतात. त्यांचे बाप कारखान्यात ठेकेदाराकडे राबतात. त्यांच्या आया इतरांच्या घरी धुणीभांडी करतात किंवा बांधकामावर घमेली वाहतात. या मुलांपैकी कित्येकांना चौथीत जाऊनही सरळ वाक्य वाचता येत नाही. मग कुणी म्हणते, डोकेच नाही. कुणी म्हणते, घरचे वळण नाही. कुणी म्हणते, मूल एक तर सुस्त बसते, नाही तर सतत चुळबुळ करते, त्याला शिकायचेच नाही. शिक्षक थकतात, पालक मारतात आणि मूल शाळा सोडते. ठेकेदाराला आणखी एक स्वस्त मजूर मिळतो.

हे दूषण मुलाच्या माथी मारण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे. हे मूल पोटात असताना त्याच्या आईच्या ताटात काय होते? आणि दूध सुटल्यापासून शाळेत जाईपर्यंत त्याच्या स्वतःच्या ताटात काय पडले? गेल्या अर्धशतकात विज्ञानाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते कामगार चळवळीने समजून घेणे आवश्यक आहे. प्रश्न वरवर घरगुती दिसत असला तरी त्याचे मूळ मजुरीत, कामाच्या तासांत आणि सरकारी अंदाजपत्रकात आहे.

मेंदू कशावर वाढतो

माणसाचा मेंदू शाळेत तयार होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तो प्रौढ मेंदूच्या आकाराच्या सुमारे चार-पंचमांशापर्यंत पोचतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या या सुमारे एक हजार दिवसांत मज्जापेशी तयार होतात, त्यांचे आपापसांत धागे जुळतात आणि त्या धाग्यांवर संरक्षक आवरण चढते. या बांधकामाला लागणारा माल आईच्या आणि नंतर मुलाच्या अन्नातूनच येतो. पोलादाची प्रत जशी भट्टीत पडणाऱ्या खनिजावर आणि कोळशावर अवलंबून असते, तशीच ही गोष्ट आहे. फरक एवढाच की खराब निघालेले पोलाद पुन्हा वितळवता येते.

प्रथम आयोडीन घेऊ. गर्भवती स्त्रीच्या शरीरात ते पुरेसे नसेल तर गर्भाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारा अंतःस्राव कमी पडतो आणि मूल कायमचे मतिमंद होऊ शकते. बौद्धिक अपंगत्वाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये जगभरात हे कारण सर्वांत मोठे मानले जाते. उपाय तर चिमूटभर मिठाचा आहे. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि तेथील गलगंड झपाट्याने घटला. १९६२ मध्ये त्यातूनच राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. शासनाने मनावर घेतले की काय घडू शकते याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसरे लोह. गर्भवती स्त्री रक्तक्षयाने ग्रासलेली असेल तर बाळ लोहाचा तुटपुंजा साठा घेऊन जन्मते. हा साठा पहिल्या चार-सहा महिन्यांतच सरतो. त्यानंतर वरचे अन्न म्हणून केवळ भाताची पेज किंवा चहात बुडवलेले बिस्किट मिळाले, तर तूट भरून निघत नाही. लोहाअभावी मज्जातंतूंचे आवरण नीट चढत नाही आणि लक्ष, उत्साह व मनःस्थिती यांचे नियमन करणाऱ्या मेंदूतील रसायनांचा तोल बिघडतो. कोस्टा रिकामध्ये १९८० च्या दशकापासून अशा बाळांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. रक्तक्षय असलेली बाळे आईला चिकटून राहत, नव्या वस्तूला हात लावायला कचरत, लवकर थकत आणि कमी खेळत. रक्तातील लोह भरून आल्यानंतरही, पुढे अकरा ते चौदा वर्षांच्या वयात, त्यांच्यापैकी अनेकांत चिंता आणि एकाग्रतेच्या अडचणी इतरांपेक्षा अधिक आढळल्या.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. असे मूल घरात त्रास देत नाही. कामावर जाणारी आई त्याला ठेवील तेथे ते बसून राहते आणि शेजारीपाजारी त्याला गुणी बाळ म्हणतात. वास्तविक धडपडणे, वस्तू तोंडात घालणे, सांडणे आणि पुन्हा उठणे हाच त्या वयाचा अभ्यास असतो. गुणी म्हणून कौतुक झालेले हे मूल तो अभ्यास चुकवत असते. पाच वर्षांनी शाळेत तेच मूल मंद ठरते.

तिसरे ब-१२ जीवनसत्त्व. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. डाळभातात ते नसते. ज्या आईच्या शरीरात याचा तीव्र अभाव असतो, तिच्या केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला क्वचित एक गंभीर आजार होतो. भारतातील बालरोगतज्ज्ञांना तो चांगला परिचित आहे. फिकट, निस्तेज झालेले बाळ हसणे सोडते, बसायला शिकलेले असेल तर ते विसरते आणि त्याचे हातपाय थरथरू लागतात. वेळीच उपचार झाले तर ते सुधारते.

पुण्याजवळची सहा गावे

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे दूरदेशीचे वाटू नये म्हणून पुण्याचे उदाहरण देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. गर्भार राहण्यापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे बेचाळीस किलो होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा आले, त्यांची बाळे जन्मतः आकाराने मोठी होती. नुसत्या उष्मांकांच्या बेरजेशी या फरकाचा तेवढा संबंध लागला नाही. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते.

त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट पुढे आली. गरोदरपणी शेतात, घरात आणि पाण्यासाठी ज्या स्त्रिया अधिक जड कष्ट करीत होत्या, त्यांची बाळे लहान निघाली. म्हणजे ताटात काय आले एवढेच पाहून भागत नाही. त्या ताटातले किती श्रमात खर्च झाले हेही पाहावे लागते. पुढे ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या चाचण्या घेण्यात आल्या. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ सर्वांत कमी होते, त्यांची मुले लक्ष टिकवण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा भाग लहान प्रमाणावरचा होता, तेव्हा त्याच्या आधारे मोठे दावे करता येणार नाहीत. तथापि त्याची दिशा जगातील इतर अभ्यासांशी जुळणारी आहे.

दोन टोकांचे गैरसमज

येथे दोन चुकीच्या निष्कर्षांपासून सावध राहिले पाहिजे.

पहिला असा की उपाशी आईचे मूल म्हणजे वाया गेलेले मूल. विज्ञान असे सांगत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडच्या शहरांत उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या मुलग्यांची एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीच्या वेळी बुद्धिचाचणी झाली, तेव्हा इतरांच्या तुलनेत घट आढळली नाही. उपासमारीच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्यांमध्ये पुढे काही मनोविकारांचे प्रमाण वाढलेले दिसले हे खरे. परंतु थोड्या काळाच्या उपासमारीनंतर पुरेसे अन्न, दवाखाना आणि शाळा मिळाली तर शरीर पुष्कळ काही सावरते. आपल्याकडील भूक अशी एका हिवाळ्याची नाही. ती आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे येते. म्हणूनच ती घातक ठरते.

ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना व मातांना प्रथिनयुक्त लापशी देण्यात आली आणि दोन खेड्यांत नुसते गोड पेय. तीन दशकांनंतर पाहता, पहिल्या दोन वर्षांत लापशी मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. तीन वर्षांच्या वयानंतर ज्यांना ती सुरू झाली त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात खुरटलेल्या १२९ बालकांपैकी काहींना दूध, काहींना आठवड्यातून एकदा घरी येऊन खेळ शिकवणारी आरोग्यसेविका, तर काहींना दोन्ही देण्यात आले. दोन वर्षांचा हा उपक्रम संपून वीस वर्षे लोटल्यावर ज्यांना खेळ मिळाला होता त्यांची कमाई २५ टक्क्यांनी अधिक भरली आणि न खुरटलेल्या मुलांच्या बरोबरीला आली. केवळ दूध मिळालेल्यांमध्ये एवढा टिकाऊ परिणाम आढळला नाही. मुलाला अन्नाइतकीच बोलणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाची गरज असते. आपल्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शिक्षण मुलांच्या अंगणात नेले, तेव्हा त्यांना हेच उमगले होते. आज देशभर रूढ झालेला अंगणवाडी हा शब्द त्यांच्याच कामातून आला.

दुसरा गैरसमज सुस्थितीतील घरांत अधिक आढळतो. मुलाचे प्रत्येक वेडेवाकडे वागणे खाण्यावर ढकलले जाते. गोड खाल्ल्याने मूल उनाड होते, ही समजूत वैशाली नगरच्या दिवाणखान्यांतही ऐकू येईल. १९९४ साली अमेरिकेत काळजीपूर्वक घेतलेल्या चाचणीत साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचे दिसले नाही; ज्या पालकांना तशी खात्री होती त्यांच्या मुलांतही नाही. काही कृत्रिम रंगांमुळे काही मुलांची चंचलता थोडी वाढते, असे २००७ मधील एका इंग्रजी अभ्यासात आढळले. साखरेचे दात व वजन यांवरील दुष्परिणाम वेगळे आहेत आणि पाकिटबंद खाऊचे आक्रमण रोखलेच पाहिजे. पण मुलाला जडलेली प्रत्येक अडचण आहारातून येत नाही. मारहाण, भीती, दारुडा बाप, न ऐकू येणारा कान, न दिसणारा फळा ही कारणेही तितकीच खरी आहेत. ‘बुद्धिवर्धक’ म्हणून डबे विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या अज्ञानाचा नफा मिळू देता कामा नये.

आकडे काय सांगतात

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. छत्तीसगढमध्ये हे प्रमाण ३४.६ टक्के, तर औद्योगिकदृष्ट्या पुढारलेल्या महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील रक्तक्षय छत्तीसगढमध्ये ६७.२ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के नोंदवला गेला. प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण अनुक्रमे ६०.८ व ५४.२ टक्के होते. बोटातून रक्त घेऊन केलेल्या या मोजणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतील रक्त तपासले गेले आणि एक ते चार वर्षांच्या बालकांतील रक्तक्षय सुमारे ४१ टक्के निघाला. हा कमी आकडा मानला तरी दर पाचांतील दोन मुले होतात. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या वयात, म्हणजे मेंदूच्या बांधणीच्या ऐन काळात, किमान पुरेसा आहार मिळणारी बालके देशात केवळ ११.३ टक्के आढळली. दर नऊ बालकांतील एक.

मजुरी, वेळ आणि ताट

आयांना अक्कल नाही म्हणून हे घडते, असे मानणे हा कष्टकरी स्त्रीचा अपमान आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवावा. गिरणीत दहा-दहा तास उभी राहणारी आई तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देऊन निजवत असे. १९२० च्या दशकातील अहवालांत ही प्रथा किती सार्वत्रिक होती त्याची नोंद आहे. एंगेल्सने १८४५ साली मँचेस्टरच्या कामगारवस्त्यांत हेच पाहिले होते. तेथे अफूच्या औषधाचे नाव ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ होते, एवढाच फरक. आई क्रूर नव्हती. बाळाला पाजण्यासाठी वेळ, जागा आणि मजुरीसह सुट्टी हे तिच्याजवळ नव्हते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये हा कायदा झाला. या बाबतीतला तो देशातील पहिला कायदा होता. आईच्या विश्रांतीची किंमत भांडवलाने आणि शासनाने मोजली पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे त्या वेळी मान्य झाले.

आज त्या तत्त्वाचे काय झाले आहे? २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. परंतु ठेक्यावर, रोजंदारीवर आणि परक्याच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या स्त्रीपर्यंत हा कायदा क्वचितच पोचतो. भिलाईतही कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि ठेक्याचे श्रम वाढत गेले. कायम कामगाराच्या पत्नीला कारखान्याचे रुग्णालय मिळाले, तर ठेक्याच्या मजुराच्या पत्नीला रांग मिळाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या केंद्रीय योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांवर आणला. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद झाली. दुसरा मुलगा पोटात असलेल्या आईला भूक लागत नाही, असा याचा अर्थ समजायचा काय?

संघटित कामगारांनी ठरवले तर चित्र बदलू शकते, याचा दाखला भिलाईच्याच खाणींनी दिला आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे १९७७ साली ठेक्याच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभारली. मजुरी वाढली, पण वाढलेली मजुरी दारूच्या भट्टीत जाऊ लागली, तेव्हा स्त्रियांना पुढे घेऊन त्यांनी दारूबंदीची मोठी मोहीम चालवली. १९८३ साली कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे राहिले. मजुरीचा लढा, दारूविरोधी लढा आणि आरोग्याचा लढा हे तेथे एकाच संघटनेचे काम होते. मजुरी मुलाच्या ताटापर्यंत पोचेपर्यंत लढा संपत नाही, हे त्या कामगारांनी ओळखले होते. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये भिलाईत नियोगींची हत्या झाली. त्यांनी घालून दिलेला हा धडा मात्र सर्व कामगार संघटनांसाठी आजही तितकाच खरा आहे.

याच राज्यातील बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या डॉक्टरांनी खेड्यांत ‘फुलवारी’ चालवल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुले दिवसभर गावातीलच एका बाईच्या देखरेखीखाली राहतात, शिजवलेले अन्न खातात आणि खेळतात. आई निश्चिंतपणे मजुरीला जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी अडकलेली थोरली बहीण शाळेत जाते. सरकारी योजनेतील सर्वांत मोठी फट नेमकी येथेच आहे. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीत शिजवलेले अन्न मिळते ते तीन वर्षांपुढील मुलांना. मेंदू ज्या वयात सर्वाधिक वेगाने वाढतो त्या वयातील बालकाच्या वाट्याला घरी न्यायचे पाकीट येते, आणि ते सहसा घरातल्या सगळ्यांत वाटले जाते.

अंड्यावरून चाललेला वाद

शाळेतील भोजनाचा मुलांच्या शिकण्यावर होणारा परिणाम आता मोजला गेला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात, प्राथमिक शाळेची सुमारे पाच वर्षे मध्यान्ह भोजन मिळालेली मुले एक वर्षही ते न मिळालेल्यांच्या तुलनेत वाचनात १८ टक्के आणि गणितात ९ टक्के पुढे आढळली. २०२१ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलींना शाळेत हे भोजन मिळाले होते, त्या आई झाल्यावर त्यांची मुले उंचीने सरस निघाली. आजच्या मुलीला वाढलेले जेवण म्हणजे उद्याच्या नातवाला वाढलेले जेवण होय. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो लोकांच्या अन्नहक्काच्या लढ्यामुळे; कुणा राज्यकर्त्याच्या दयाबुद्धीमुळे नव्हे.

तथापि या भोजनासाठी होणारी तरतूद पाहा. २०२५ च्या मेपासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्याखेरीज डाळ, भाजी, तेल व इंधन यांसाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरवण्यात आले. अंगणवाडीतील बालकासाठी २०१७ मध्ये ८ रुपये दर ठरला. एवढ्या पैशांत डाळीचे पाणी होते, डाळ होत नाही. अंडे मात्र पातळ करता येत नाही, त्यात भेसळ करता येत नाही, आणि प्रथिनांसह ब-१२ त्यातून थेट मुलाच्या पोटात जाते. त्यामुळेच की काय, अंड्यावरच सर्वाधिक वाद होतो. २०१९ मध्ये छत्तीसगढ सरकारने शाळेत अंडी देण्याचे ठरवले तेव्हा काही पंथांच्या पुढाऱ्यांनी विरोध केला आणि जेथे एकमत होणार नाही तेथे अंडी घरपोच देण्याचा मार्ग काढावा लागला. महाराष्ट्राने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद झाला आणि शाळांनी लोकसहभागातून पैसे उभारावेत असे सुचवण्यात आले. ज्या वस्तीतील मुलाला अंड्याची सर्वाधिक गरज आहे, त्या वस्तीने वर्गणी कोठून काढायची? जे कुटुंब अंडे खात नाही त्याच्या श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे; त्याच्या मुलाला दूध किंवा दही मिळाले पाहिजे. पण एकाच्या श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या मुलाचे ताट रिकामे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तांदळात लोह मिसळण्याचा मार्ग १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केला. सिकलसेल आणि थॅलसेमियाच्या रुग्णांबाबत त्यात दक्षता हवी, आणि छत्तीसगढ व विदर्भ हे तर सिकलसेलचे पट्टे आहेत. अशा उपायांना मर्यादित स्थान असू शकते. परंतु डाळ, भाजी, दूध आणि अंडे यांची जागा कोणतीही पूड घेऊ शकत नाही.

मागण्या आणि शाखांचे काम

या विषयावर कामगार संघटना, महिला संघटना, शेतमजूर संघटना आणि शिक्षकांच्या संघटना यांनी मिळून पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत.

एक : प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला अंगणवाडीत रोज एक पूर्ण, ताजे जेवण मिळावे. महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी भागांसाठी आखलेली अमृत आहार योजना शहरांतील कामगारवस्त्यांपर्यंत न्यावी.

दोन : सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी वस्तीवस्तीत पाळणाघरे असावीत, तेथे शिजवलेले अन्न आणि खेळ दोन्ही मिळावेत.

तीन : बाळंतपणाचा लाभ अपत्यसंख्येची वा मुलाच्या लिंगाची अट न घालता, किमान वेतनाशी जोडून, ठेक्यावरील व घरकामगार स्त्रियांनाही मिळावा.

चार : अंगणवाडी व शालेय भोजनाचे दर महागाई निर्देशांकाशी जोडावेत आणि अंडे किंवा दूध हा त्याचा कायम भाग असावा.

पाच : अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कामगारांना कामगार मानून किमान वेतन देण्याची शिफारस केली होती. ज्या स्त्रियांच्या हाती देशातील मुलांच्या मेंदूची जडणघडण सोपवली आहे त्यांना मानधनावर राबवणे लज्जास्पद आहे. २०२३ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी केलेला दीर्घ संप म्हणूनच मुलांच्याही हिताचा होता.

मागण्यांचे ठराव करून थांबणे पुरेसे नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अंगणवाडीत जाऊन पाहावे : वजनकाटा चालतो काय, पाकिटे वेळेवर येतात काय, काल काय शिजले होते. छत्तीसगढमधील शाखांनी मितानिन भगिनींना, महाराष्ट्रातील शाखांनी आशा सेविकांना बरोबर घ्यावे. कारखान्यातील संघटनांनी पुढच्या मागणीपत्रकात ठेक्याच्या स्त्री-कामगारांचे पाळणाघर घालावे. शिक्षक कॉम्रेडांनी मागे पडणाऱ्या मुलावर शेरा लिहिण्यापूर्वी त्याचे रक्त, डोळे आणि कान तपासून घेण्याचा आग्रह धरावा. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, लिंबू-आवळा त्याला मदत करतो, शेवग्याचा पाला आणि लाल भाजी सहज मिळते, असे साधे ज्ञान वस्तीत पोचवावे. परंतु ज्ञानाने मजुरीची जागा भरून निघत नाही, हेही त्याबरोबर सांगावे.

आणखी एक काम घरात आहे. आपल्याकडे बाई सर्वांत शेवटी जेवते आणि उरलेले खाते. गरोदर असली तरी हा क्रम बदलत नाही. भोजनासाठी मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी हा क्रम चालू राहू नये. पंगत एकदम बसावी, आणि भांड्यातली घट्ट डाळ आधी गरोदर बाईच्या व लहान मुलाच्या ताटात पडावी. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

भिलाईने देशाला रूळ आणि तुळया दिल्या. ते पोलाद ज्यांच्या घामातून निघाले त्यांची मुले त्याच शहरातील शाळांच्या मागच्या बाकांवर बसावीत, हा निसर्गाचा नियम नाही. ही व्यवस्था माणसांनी घडवलेली आहे आणि संघटित माणसेच ती बदलतील. आईच्या ताटाचा प्रश्न संघटनांच्या मागणीपत्रकावर वरच्या ओळीत आला पाहिजे. मुलाची पाटी कोरी राहते की भरते, याचा निकाल पुष्कळसा तेथेच लागणार आहे.